बटबट्या आणि तीनशे एक्कावन्न बेपत्ता उल्लेख

१. आकडा गेला

चोरी उघडकीस आली मंगळवारी दुपारी. चोरीला गेलेली वस्तू खिशात घालता येणारी नव्हती की पोत्यात भरता येणारी नव्हती. तो एक आकडा होता.

शाळा सुटली की टकळी थेट संग्रहालयात, आत्याच्या खोलीत यायची. दप्तर एका खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर आणि तोंड चालू. टकळी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. पण त्या दिवशी टेबलावरचा कागद वाचून ती अशी गप्प झाली, की भिंगातून मणका बघत बसलेल्या आत्यानं मान वर केली.

"काय गं, दात दुखतोय?"

"आत्या, इथं तुझे उल्लेख एकसष्ट लिहिलेत."

"असतील."

"असतील काय? गेल्या वर्षीच्या अहवालात चारशे बारा होते. मीच सगळ्या घराला वाचून दाखवलं होतं, बाबांना तर दोनदा."

एखाद्या शास्त्रज्ञानं आपल्या शोधनिबंधात 'हे मला अमक्याच्या कामातून कळलं' असं लिहिलं, की त्या अमक्याचा एक उल्लेख जमा. आत्याच्या जगात कामाची पावती म्हणतात ती हीच. उल्लेख वर्षागणिक वाढतात. कमी होऊच शकत नाहीत. छापलेलं पान कोण परत घेणार? तरीही तीनशे एक्कावन्न उल्लेख वाफ होऊन उडाले होते.

कागदाच्या तळाशी खरी गोम होती. ज्या विभागाचे उल्लेख शंभराच्या आत, त्याचं दालन बंद आणि वस्तू गोदामात. शुक्रवारी डायरेक्टरमॅडमची सही.

म्हणजे बटबट्या खोक्यात जाणार.

बटबट्या खालच्या दालनात होता. साडेपाच मीटर लांबीचा सांगाडा. जमिनीवर डायनोसॉर हिंडत होते तेव्हा हा समुद्रात पोहायचा. अंगानं माशासारखा, पण कूळ सरपटणाऱ्यांचं, आणि डोळ्यांच्या खोबणी ताटलीएवढ्या. या जातीचा जगात एकच. आत्यानं तो चोवीस वर्षांपूर्वी चुनखडीच्या खाणीत शोधला, त्याचं वर्णन लिहिलं, त्याला रुबाबदार शास्त्रीय नाव दिलं. 'बटबट्या' हे घरातलं नाव, टकळीनं चार वर्षांची असताना ठेवलेलं.

"तू काहीच करणार नाहीस?" टकळीनं विचारलं.

"मी हाडं मोजते, उल्लेख नाही," आत्या म्हणाली आणि पुन्हा मणक्यात शिरली. पण भिंग तिनं उलटं धरलं होतं, हे टकळीला दिसलं.

झालं. गेल्याच महिन्यात भर सभागृहात वीस मिनिटं बोलून टकळीनं वादविवाद स्पर्धा मारली होती. तेव्हापासून जगात आपल्याला न जमणारी गोष्ट नाही, अशी तिची पक्की खात्री होती. तिनं गणिताच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि लिहिलं : संशयित.

२. हेडक्लार्क आणि यंत्र

पहिला संशयित हेडक्लार्क. त्याला फायलींच्या कपाटांना जागा हवी होती आणि बटबट्याच्या दालनाकडे बघताना त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, हे अख्ख्या संग्रहालयाला ठाऊक होतं.

"एकसष्ट हा आकडा तुम्ही लिहिलात?"

"मी उतरवला," तो चष्मा पुसत म्हणाला. "लिहिणं आणि उतरवणं यांत फरक आहे. आकडा यंत्रानं दिला. यंदापासून सगळे उल्लेख यंत्र मोजतं."

"आणि गेल्या वर्षी?"

"ग्रंथपालबाई होत्या. त्या म्हणे हातानं मोजायच्या. हातानं." त्यानं 'हातानं' असं म्हटलं, जणू बाई पायानं स्वयंपाक करायच्या. "त्या निवृत्त झाल्या आणि संग्रहालय एकदाचं सुधारलं."

"मला यंत्राचा कागद दाखवा."

"तू कोण?"

"करदात्याची मुलगी."

हेडक्लार्कनं एक उसासा टाकला आणि छापलेली यादी पुढे सरकवली. अशा मुलीशी वाद घालण्यापेक्षा कागद देणं स्वस्त पडतं, एवढा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

टकळीनं यादीवरून बोट फिरवलं. आत्या, एकसष्ट. फुलपाखरंवाले सर, एकशे चार. बोट खाली खाली गेलं आणि एका ओळीवर चिकटून बसलं.

कार्यशाळा, प्लास्टर-कारागीर. निबंध एक. उल्लेख तीनशे एकोणतीस.

"हे प्लास्टरकाका?"

"चुकून आलं असेल. कार्यशाळेतल्यांचे उल्लेख आम्ही धरतच नाही."

टकळी ऐकत नव्हती. आत्याचे तीनशे एक्कावन्न गेले, आणि काकांकडे तीनशे एकोणतीस निघाले. ज्या माणसानं तिला लहानपणी खांद्यावर बसवून बटबट्याचे दात मोजायला शिकवले, त्याचं नाव तिला वहीत लिहावं लागलं. पेन चालेना.

३. एक पान

कार्यशाळेत नेहमीसारखी पांढरी धूळ होती. प्लास्टरकाका दगडात अडकलेली एक बरगडी ब्रशनं साफ करत होते.

"या टकळीबाई. आज आवाज आधी आला नाही, तू आधी आलीस. तब्येत बरी आहे ना?"

"काका, तुम्ही निबंध लिहिलाय?"

काकांचा ब्रश थांबला. मग त्यांनी हनुवटीनं भिंतीकडे खूण केली. नळाच्या वर, काचेच्या चौकटीत एक पिवळं पडलेलं पान होतं. बटबट्याची कवटी दगडातून कशी सोडवली, त्याची हकिगत. पातळ आम्लात बुडवायचं, चुनखडी विरघळू द्यायची, उघड्या पडलेल्या हाडाला डिंकासारखा लेप द्यायचा, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. असे चौदा महिने.

"एवढंच?" टकळीनं विचारलं.

"एवढंच. माझं शिक्षण सातवी, गं. बाई, म्हणजे तुझी आत्या, म्हणाल्या लिही, तर एक पान लिहिलं. त्या एका पानाला मला कवटीपेक्षा जास्त घाम फुटला."

"आणि त्याचा उल्लेख किती जणांनी केलाय, माहीत आहे?"

काकांनी नळ सोडला आणि बराच वेळ हात धूत राहिले. हात स्वच्छ होते.

"तुझ्या आत्याला विचार," ते पाठमोरेच म्हणाले.

टकळी बाहेर पडली. काका काहीतरी लपवत होते. जिन्यातच बसून तिनं यंत्राचा कागद पुन्हा काढला. काकांच्या निबंधापुढे साल होतं, अंक होता, आणि पानांचे आकडे होते : एक्केचाळीस ते अठ्ठावन्न.

अठरा पानं. चौकटीत तर एकच होतं, आणि त्याच्या कोपऱ्यात छापलेला आकडा होता एकोणसाठ.

ती धावत वाचनालयात गेली, संग्रहालयाचा बावीस वर्षांपूर्वीचा वार्षिक अंक काढला आणि एक्केचाळिसावं पान उघडलं. तिथून अठ्ठावन्नपर्यंत बटबट्याचं वर्णन होतं. लेखिका : आत्या.

४. पुढून वाचणाऱ्या बाई

"हॅलो, ग्रंथपालबाई? तुम्ही आत्याचे चारशे बारा उल्लेख मोजलेत ते खरे की प्रेमापोटी?"

"बाळ, मी चाळीस वर्षं पुस्तकं मोजली. प्रेमापोटी मी चहात साखर जास्त घालते, आकड्यात नाही."

"मग यंत्राला एकसष्टच का सापडले?"

"यंत्र शेवटून वाचतं. निबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते, तेवढीच. मी पहिल्या ओळीपासून वाचायचे. एखाद्या प्राण्याचं शास्त्रीय नाव लिहिलं, की त्याच्यामागे ते नाव ठेवणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहायची पद्धत आहे. यंत्राला वाटतं, ते त्या प्राण्याचंच आडनाव."

टकळीच्या अंगावर रोमांच उभे राहिले. हजारो मैलांवर कुणी अनोळखी माणूस बटबट्याचं नाव लिहितो आणि त्याच्या मागे लिहितो टकळीचं आडनाव. बाबांचं, आजोबांचं, दारावरच्या पाटीवरचं.

"पण मग शेवटच्या यादीत आत्याचा निबंध का नाही?"

"ते मलाही कधी कळलं नाही," बाई म्हणाल्या. "तू शोध. तुझा आवाज शोधणारीचा आहे. जरा हळू बोललीस तरी चालेल."

बुधवारी टकळीनं यंत्रानं गाळलेले वीस निबंध काढून दोन्ही बाजूंनी वाचले. वीसच्या वीस निबंधांत मजकुरात आत्या होती. वीसच्या वीस याद्यांत आत्या नव्हती, काका होते, आणि काकांपुढे पानं एक्केचाळीस ते अठ्ठावन्न. तीच चूक, वीस वेळा.

आता एकच चूक सगळ्यांच्या गृहपाठात आली की त्याचा अर्थ काय, हे शाळेतल्या बाईंना कळायला वेळ लागतो. वर्गातल्या मुलांना लागत नाही. सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवलंय. वही कुणाची एवढंच शोधायचं. टकळीनं वीस निबंध सालाप्रमाणे लावले. सगळ्यात जुना होता बटबट्याच्या डोळ्यांवरचा, एकोणीस वर्षांपूर्वीचा. लेखक : आत्याचा पहिला विद्यार्थी, लंबूसर.

५. लाल पेन्सिल

लंबूसर आता समोरच्या रस्त्यावरच्या विद्यापीठात मोठे प्राध्यापक होते. दारातून आत येताना त्यांना अजून वाकावं लागायचं.

"ये, टकळे. बैस."

"बसायला नाही आले. सर, तुम्ही तुमच्या यादीतून माझ्या आत्याला काढलंत. तिच्या जागी काकांचं नाव घातलंत आणि पानांचे आकडे बदलायला विसरलात. नंतरच्या सगळ्यांनी मूळ अंक न उघडता तुमची यादी उतरवली. तुमच्यामुळे शुक्रवारी बटबट्या खोक्यात जाणार आहे."

ती श्वास घ्यायला थांबली. लंबूसर पांढरेफटक पडले होते. पण चोर पकडल्यावर पडतो तसे नव्हे. घरात आग लागल्याचं कळल्यावर पडतो तसे.

"खोक्यात? बाई काही बोलल्या नाहीत."

"ती कधी बोलते?"

लंबूसरांनी खालचा खण उघडला आणि एक फाईल काढली. आत त्यांच्या पहिल्या निबंधाचा कच्चा खर्डा होता. "त्या मासिकाला तीसच संदर्भ चालायचे. एकतिसावा आला तर निबंध परत. मी तीस लिहून बाईंकडे तपासायला दिला. हा बघ."

शेवटच्या पानावर अकरावा संदर्भ होता आत्याचा निबंध. तो लाल पेन्सिलीनं खोडला होता. वर बारीक अक्षरात काकांचं नाव आणि त्यांच्या लेखाचं शीर्षक. साल, अंक आणि ओळीच्या टोकाचे पानांचे आकडे तसेच राहिले होते. समासात लिहिलं होतं : 'माझं नाव मजकुरात आलंच आहे. जागा वाया घालवू नकोस.'

ती लाल पेन्सिल आणि ते डावीकडे झुकलेलं अक्षर टकळीला ओळखायची गरज पडली नाही. त्याच अक्षरात तिच्या प्रत्येक वाढदिवसाच्या पुस्तकावर आशीर्वाद होते.

चोर सापडला होता. चोर घरातलाच होता.

६. कबुली

"हो, मीच," आत्या म्हणाली. गुरुवारची दुपार होती. तिनं भिंग बाजूला ठेवलं होतं. "आकडे खोडायचे राहिले, हा मात्र गाढवपणा."

"का पण?"

"टकळे, बटबट्याच्या नावामागे माझं नाव आहे. समुद्र आटले तरी ते तिथून हलणार नाही. त्या कवटीत चौदा महिने हात घालून बसला कोण? त्याच्या बोटांची कातडी गेली. आणि त्याचं नाव कुठे? कुठेच नाही. मग मी एका ओळीत घातलं. एका ओळीनं माझं काय जाणार होतं?"

"दालन जाणार आहे."

आत्यानं भिंग उचललं आणि परत ठेवलं. "तुला सगळं सांगता येईल. पण मग त्याला कळेल की ते उल्लेख त्याला खिरापतीसारखे मिळाले. त्याच्या भिंतीवर ते पान आहे. मला दालन हवंय गं. रात्रंदिवस हवंय. पण असं नको. तू सांगायचं नाहीस. शब्द दे."

टकळीनं आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसण्याचा शब्द दिला. घरी जाताना तिला वाटलं, आपण आत्याइतक्या मोठ्या कधीच होणार नाही. आणि त्याच वेळी, आपण हिच्याच भावाची मुलगी आहोत म्हणून तिची मान इतकी ताठ झाली की समोरचा खड्डा दिसला नाही.

७. शुक्रवार

डायरेक्टरमॅडमच्या टेबलावर फॉर्म होता, फॉर्मवर पेन होतं. आत्या, लंबूसर आणि हेडक्लार्क रांगेत बसले होते. टकळी शाळेच्या गणवेशात उभी राहिली आणि तिनं वीस निबंध टेबलावर मांडले.

"मॅडम, यंत्र खोटं बोललं नाही. त्यानं फक्त शेपूट बघितलं. आता डोकं बघा." एकेका निबंधात तिनं आत्याच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. "ग्रंथपालबाईंनी असे चारशे बारा मोजलेत, नोंदवही मी आणलीय. कुठलाही काढून तपासा."

मॅडमनी सात तपासले. सातही बरोबर निघाले.

"चांगलं काम आहे," त्या म्हणाल्या. "पण लोक एवढ्या वेळा नाव लिहितात, तर यादीत निबंध का घालत नाहीत? कारण सांगता आलं तर मी आकडा बदलते. नाही तर उद्या कुणीही येईल आणि रेघा मारून दाखवेल."

कारण टकळीच्या जिभेच्या टोकावर होतं. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान इतकीशी हलवली : नाही.

"सांगता येत नाही," टकळी म्हणाली. वादविवादाची ढाल जिंकलेली मुलगी खाली मान घालून उभी राहिली.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"मला येतं," दारातून आवाज आला.

प्लास्टरकाका होते. केसांत धूळ, अंगावर इस्त्रीचा सदरा, हातात जुना लिफाफा.

"बारा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका मुलीचं पत्र आलं. शब्दकोश घेऊन दोन रविवार बसलो तेव्हा कळलं. तिनं लिहिलं होतं, तुमच्या लेखाचं एकच पान मिळालं, उरलेली सतरा पाठवा. आता सातवी झालो म्हणून काय, एक आणि अठरा यांतला फरक कळतो मला. अंक काढला. ती अठरा पानं बाईंची. मग म्हटलं, ही करणी कुणाची असणार ते सांगायला ज्योतिषी नको."

"तुला माहीत होतं?" आत्या खुर्चीतून उठली.

"त्या मुलीला तुमचीच अठरा पानं पाठवून दिली, बाई. पोस्टाचा खर्च माझा. तुम्हाला बोललो नाही. एवढ्या मनानं दिलेलं परत करणं म्हणजे तोंडावर मारल्यासारखं."

"ती खिरापत नव्हती."

"तेही माहीत आहे. त्या मुलीनं पुढे तीन कवट्या माझ्या पद्धतीनं सोडवल्या. फोटो पाठवले तिनं." काकांनी लिफाफा टेबलावर ठेवला. "पण त्यापायी आमचा प्राणी गोदामात जाणार असेल, तर मॅडम, माझे सगळे उल्लेख काढून बाईंना द्या."

लंबूसरांनी न बोलता लाल पेन्सिलीचा खर्डा पुढे केला. मॅडमनी तो वाचला, पानांचे आकडे बोटानं ताडून पाहिले, समासातली ओळ दोनदा वाचली.

"कुणाचे काढून कुणाला द्यायचे नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या. "यांचे चारशे बारा. आणि यांचे तीनशे एकोणतीस, ते याच विभागात लिहा."

"पण मॅडम, कार्यशाळेचे आपण धरत..." हेडक्लार्क पुटपुटला.

"कवटी कुठल्या विभागाची होती?"

"याच."

"मग?"

"आणि बरेचसे निबंध दोन्हीकडे तेच आहेत, मॅडम."

"जुळ्यांचा वाढदिवस एका दिवशी येतो म्हणून मूल एकच धरता का तुम्ही? लिहा."

हेडक्लार्कनं लिहिलं. या वेळी उतरवलं नाही, लिहिलं. मॅडमनी सही केली, खुर्ची मागे सारली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मी या इमारतीत आहे आणि तो प्राणी नीट पाहिलेला नाही. चला."

सगळी वरात खाली दालनात आली. बटबट्या आपल्या ताटलीएवढ्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत होता. मॅडमनी विचारलं, एवढा मोठा डोळा कशासाठी? काका म्हणाले, खोल पाण्यात उजेड नसतो, हे बाईंनी शोधलं. आत्या म्हणाली, डोळ्याभोवतीचं नाजूक कडं यानं शाबूत काढलं नसतं तर मी काय कपाळ शोधणार होते? काका म्हणाले, खाणीत दगडाचा तो तुकडा बाईंनीच ओळखला, बाकी सगळे त्यावर बसून डबा खात होते. आत्या म्हणाली, तो तुकडा पहिल्यांदा याच्याच बुडाला टोचला. मॅडम हसल्या, त्या हसतात हे हेडक्लार्कला त्या दिवशी कळलं, आणि दालन बंद व्हायची घंटा झाली तरी त्या दोघांचं भांडण चालूच होतं : जास्त काम कुणी केलं? आणि दोघंही हट्टानं समोरच्याकडे बोट दाखवत होते.